वर जाणारी वायर

वाटण्या झाल्या तेव्हा आम्ही दोघा भावांनी सगळं वेगळं केलं. खालचा मजला माझा, वरचा अण्णाचा. विजेचे मीटर वेगळे, पाण्याच्या टाक्या वेगळ्या, परसातली नारळाची झाडंसुद्धा एकेक. सामाईक राहिलं ते फक्त इंटरनेट. बेंगळुरूतल्या बसवनगुडीच्या आमच्या घरात ते माझ्या हॉलमध्ये येतं आणि तिथून एक वायर जिन्याच्या कडेनं वर जायची. ‘कशाला दोन घ्यायची?’ असं अण्णाच म्हणाला होता. मला तेव्हाच शंका आली होती, कारण अण्णा उगाच काही म्हणत नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. फुकट मिळतं म्हणून घेतलं, असं बायको सांगते. खरं कारण असं, की बाकीच्या सिस्टिम आपल्यावर पाळत ठेवतात अशी माझी खात्री आहे. तर हल्ली त्याचे अपडेट रडतखडत यायला लागले. मी बटण दाबायचो, चहा करायचो, पिऊन कप विसळायचो, तरी स्क्रीनवरची निळी पट्टी जागची हलायची नाही.

मी छताकडे पाहिलं. वर निवृत्त माणूस, दिवसभर मोकळा. काय काय उतरवून घेत असेल, देव जाणे.

“अण्णांच्यामुळं असतं तर माझा सिनेमाही अडला असता की,” बायको म्हणाली. “तो तर सुरळीत चालतोय. अडतंय फक्त तुमचं अपडेट.”

तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला तिचाही संशय आला.

एका संध्याकाळी मी वर जाणारी वायर हळूच उपसली आणि अपडेट लावलं. तरी तेच. म्हणजे हा माझ्या वायफायवर चढला असणार! पासवर्ड बदलून टाकला. पट्टी हलेना. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

“काय झालं रे नेटला?” अण्णा दारातून म्हणाला. “मुलगी परदेशातून बोलत होती, मधेच गेली.”

“कोण जाणे,” मी म्हणालो. “स्वल्प थांब, येईल.”

त्याची नजर टेबलावर गेली. उपसलेलं टोक तिथंच पडलं होतं. तो तसाच वर गेला. मी घाईघाईनं वायर परत खोचली.

दोन-तीन दिवस तो खाली आला नाही. मग एकदा वैतागून मी अपडेटच्या सेटिंगमध्येच शिरलो. अपडेट कुठल्या सर्व्हरवरून आणायचे ते तिथं ठरतं. माझे येत होते पार समुद्रापलीकडून. जवळचा सर्व्हर शोधायची सोय शेजारीच होती. बेंगळुरूतलाच एक सापडला. तो निवडला आणि सगळे अपडेट सरसर उतरले. मला इतका आनंद झाला की मी तसाच वर धावलो.

दार उघडंच होतं. नेटवाला माणूस खिडकीतून आत घेतलेली वायर नव्या राउटरला जोडत होता.

“अण्णा, तुझं काहीच नव्हतं रे! सर्व्हरच लांबचा होता.”

“सरी, ठीक आहे,” अण्णा म्हणाला. “पण हे असू दे आता. पोरीचा फोन तुटायला नको.”

मला फार वाईट वाटलं. घर वाटतानाही इतकं वाटलं नव्हतं.

नेटवाल्यानं विचारलं, पासवर्ड काय ठेवू? अण्णानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वाकून त्याच्या कानात सांगितला.