अपंगांच्या तासाचे सर

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात शिकत होते, तेव्हा विद्यापीठात आम्हा अपंग मुलींचा खेळाचा तास एक सर घ्यायचे. बाकीचे शिक्षक आम्हाला सूट देऊन बाकावर बसवत. हे म्हणायचे, "सूट कसली? घाम काय धडधाकटांनाच येतोय व्हय?" माझ्या पोलिओच्या पायाला वाळूची पिशवी बांधून तो रोज वीस वेळा उचलायला लावायचे. चुकलं की ओरडत, जमलं की गप्प राहत. शाबासकी त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नाही.

वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण अंध होती. सर मैदानाच्या टोकाला उभे राहून "सरळ ये की, सरळ!" अशा हाका मारत आणि ती त्या आवाजावर सुसाट धावत जाई.

एका सकाळी मैदानात पाइपासाठी चर खणलेला होता. आदल्या दिवशी तो नव्हता. गवताआड तो आम्हा कुणालाच दिसला नाही. सरांच्या हाकेवर धावताना मैत्रीण त्यात पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं.

चौकशीत विद्यापीठाच्या साहेबांनी सरांना सुटकेची वाट दाखवली. "चर उघडा कुणी ठेवला, तेवढं लिहून द्या. तुम्ही सुटाल."

"चर कुणीबी खणू दे, साहेब. हाक मी मारली."

त्यांनी तेच लिहून दिलं.

तास बंद झाला. मैत्रीण हातकणंगल्याला घरी गेली ती परत आली नाही. पण मी तिथं होते तोवर रोज सकाळी खिडकीतून मला सर दिसायचे. चपला हातात घेऊन, अनवाणी पायांनी जमीन चाचपत, ते रिकामं मैदान सावकाश पार करायचे.