दारातून आपला, खिडकीतून त्यांचा

आमच्या मुलीचं दहावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा मी घरातली केबल तोडली. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. आता पोराच्या हातात टॅब देताना आईबाप त्यात वेळेची मर्यादा घालतात, नको ते बंद करून ठेवतात. तेव्हा असली सोय नव्हती. केबल घरात असायची किंवा नसायची, एवढंच. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत दहावीचं पोर असलेलं घर जूनमध्ये केबलवाल्याला बोलावून वायर काढून घ्यायचं आणि मार्चमध्ये परीक्षा संपली की पुन्हा जोडून घ्यायचं. केबलवाला पायरीवरूनच विचारायचा, "काय काका, यंदा तुमचा नंबर न्हवं?"

नोकरीत मी आकडेमोडच करत आलो, त्यामुळं घरातही कागद घेऊन बसलो. टीव्ही रोज तीन तास चालतो, म्हणजे वर्षाला हजारावर तास. तेवढे अभ्यासाला मिळाले तर गणित सुधारेल. बायकोला गुणाकार दाखवला. ती म्हणाली, "अहो, पण ह्यातले आबांचे किती?"

"टीव्ही एकच आहे आणि बसायची खोलीही एकच," मी म्हणालो. ते खरंच होतं.

आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी ते पेठेच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हाच वाकडी झाली, ती तशीच राहिली. दोन वर्षांमागं हृदयाचं दुखणं झालं आणि डॉक्टरांनी जिने, चढ, गर्दी सगळं बंद केलं. स्टेडियमच्या पायऱ्या सुटल्या. मग टीव्हीवर कुठल्याही देशाचा सामना त्यांना चालायचा, पण खरी वाट बघायचे ती गावातल्या केबलवर दाखवत त्या पेठांच्या सामन्यांची. त्या दुपारी दाढी करून, धुतलेला सदरा घालून टीव्हीसमोर बसायचे. मैदानातच निघालेत असं वाटावं.

वायर निघाली त्या दिवशी केबलवाल्यालाच वाईट वाटलं.

"आबा, तुमची लई गैरसोय हुणार की."

"हुईना. मी बी धावीलाच हाय असं समज."

"ह्या वयात?"

"तवा नापास झालतो. आता नातीबरोबर काढतो."

सगळे हसले. मीही हसलो.

हिवाळ्यात सामने सुरू झाले. आमचं घर पेठेच्या कडेला. पुढचं दार आमच्या गल्लीत उघडतं आणि मागची खिडकी पलीकडच्या पेठेकडं. त्या पेठेशी सामना असला आणि गोल झाला, की ज्यांचा गोल त्यांच्याकडं फटाके वाजत. आबा दाराजवळच्या कॉटवर बसून तेवढ्यावर सामना बघायचे. दारातून आवाज आला की म्हणायचे, "आपला." खिडकीतून आला की नुसते खाकरायचे. मुलगी समोर पुस्तक उघडून बसलेली असायची, पण कान तिचेही तिकडंच.

"आबा, हा कुणाचा?"

"तुझा न्हवं. तू भूमिती कर."

जानेवारीत त्यांना दम जास्त लागू लागला, पायांवर सूज आली. मी म्हणालो, "आबा, केबल जोडून घेऊया. आवाज बारीक ठेवू." बायकोनं आणि मुलीनंही आग्रह केला.

"का? मी मरायला लागलोय म्हणून?"

बायको त्यांच्या पायांखालची उशी सारखी करू लागली.

"पोरीचं वरीस हाय. पेपर सपल्यावर जोडा. मला काय आजच गाडी धरायची न्हाय."

मी पुन्हा विचारलं नाही.

परीक्षा सुरू झाली आणि नेमका तेव्हाच पेठेचा संघ अंतिम सामन्यात पोचला. समोर पलीकडची पेठ. दुसऱ्या दिवशी मुलीचा भूमितीचा पेपर. आबांनी त्या दुपारीही दाढी करून घेतली. हात थरथरायचा म्हणून ती मी केली. मग ते कॉटवर बसले. एकदा दारातून फटाके ऐकू आले, एकदा खिडकीतून. नंतर बराच वेळ काहीच नाही. "बरोबरी," आबा म्हणाले, "आता पेनल्ट्या." मग फटाके दोन्हीकडून वाजू लागले आणि आबा वाकड्या बोटांवर मोजू लागले. एकदम सगळं थांबलं, आणि पुढच्या दारातून अख्खी गल्ली ओरडत आली. गुलाल उंबऱ्यापर्यंत उडाला.

धावत जाणाऱ्या शेजाऱ्याला आबांनी हाक मारली. "शेवटची कुणी घातली रं?"

"घातली न्हाय, आबा! आपल्या कीपरनं आडवली!"

आबांचे डोळे भरून आले. "कुठल्या अंगाला उडी टाकली?" त्यांनी विचारलं, पण शेजारी पुढं गेला होता.

"उजव्या," आबा आपले आपणच म्हणाले.

"डाव्या," मुलगी म्हणाली.

"लाव पैज."

"लावली. भडंगाचा पुडा."

असे सामने केबलवर पुन्हा दाखवतात हे दोघांना ठाऊक होतं. पेपर संपल्यावर बघायचं ठरलं. "आता भूमिती कर," आबा म्हणाले.

शेवटचे दोन पेपर राहिले असताना आबा गेले. सकाळी चहा घेऊन बायको कॉटपाशी गेली, तेव्हा ते उठले नाहीत. मुलीनं उरलेले दोन्ही पेपर दिले. घरी आली की कॉटकडं न बघता आत जायची. त्या दिवसांत मी तो गुणाकार मनात पुन्हा केला. तीन तासांतला अर्धा तास मुलीचा, अर्धा बायकोचा. बाकीचे दोन आबांचे. मुलीच्या अभ्यासाला म्हणून मी जे हजार तास धरले होते, त्यांतले सातशेवर तास आबांनी दिले होते.

शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी केबलवाला ठरल्याप्रमाणे आला आणि पायरीवरच थांबला. "काका, जोडू का नको?" सुतक फिटलं नव्हतं.

"जोडा," मुलगी आतून म्हणाली.

अंतिम सामना त्या आठवड्यात रोज दाखवत होते. मी तिच्याशेजारी बसलो. मला फुटबॉल कळत नाही. पहिला गोल झाला, टीव्हीतलं मैदान ओरडलं. गल्लीत कोथिंबीर विकणारीची हाक तेवढी चालू होती. मुलीनं दाराकडं बघितलं आणि पुन्हा मान वळवली. शेवटच्या पेनल्टीला ती पुढं सरकली. कीपर उजवीकडं झेपावला आणि चेंडू त्याच्या हाताला लागून बाहेर गेला.

"उजव्या," ती म्हणाली.

उठली, चप्पल घातली, कोपऱ्यावरच्या दुकानातून भडंगाचा पुडा घेऊन आली आणि दाराजवळच्या रिकाम्या कॉटवर ठेवला. मग भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. बायको तिच्याजवळ गेली. टीव्ही चालूच होता. तो बंद करायला कोणी उठलं नाही.