गेणबा आप्पांचं पोट

न्हावऱ्याच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात, बिरोबाचं देऊळ आहे. चैत्रातल्या जत्रेला देवळापुढच्या मोकळ्या जागेत धनगरांचा गजी नाच होतो. ढोल, झांजा, रंगीत रुमाल, आणि रिंगणाच्या मधोमध ओवीची पहिली हाक घालणारा माणूस. ही हाक एका दमात पुरी करायची असते. मध्येच श्वास घेतला तर म्हातारी माणसं खाली बघतात आणि तरुण पोरं एकमेकांकडे.

हाकेचा मान कित्येक वर्षं गेणबा आप्पांचा होता. यंदा मात्र त्यांचा दम अर्ध्यावरच संपायला लागला. छातीखालची जागा पोटातल्या हवेनं बळकावली होती.

आप्पांचे वाडवडील मेंढरं घेऊन पावसाळा संपला की कोकणात उतरत. आप्पांनी मेंढरं विकली, ऊस लावला, गोठ्यात दोन गाई बांधल्या. पण जनावरांचं ज्ञान तेवढं विकलं नाही. कुणाची गाय फुगली की त्यांना बोलावणं येई. आप्पा जनावराच्या डाव्या कुशीवर बोटं वाजवून कान देत आणि मग मालकाला झाडत.

"उपाशी जनावर ओल्या लसूणघासात सोडलं व्हय रं? आदी सुकं घालायचं, मग हिरवं. आन् खाल्ल्यावर चालवायचं. जनावराला अक्कल नसती, पन मालकाला तरी पायजे का न्हाई?"

मग गोडेतेल पाजलं जाई, तोंडात आडवी काडी बांधली जाई, पुढचे पाय चढावर येतील असं जनावर उभं केलं जाई. थोड्या वेळानं ते ढेकर देई. तेवढ्यात मालकाच्या घरातून आप्पांसाठी ताट येई. सकाळपासून उपाशी असलेले आप्पा मग हरभऱ्याची उसळ, भाकरी आणि वर तांब्याभर ताक असं सगळं बोलता बोलता पोटात लोटत. चावण्याचं काम त्यांनी दातांकडे कधी सोपवलंच नव्हतं. घास तोंडात फक्त हजेरी लावून पुढे जाई.

नंतर स्टँडवर जाऊन जिरा सोडा. सोड्याचा ढेकर आला की आप्पा चारचौघांत छातीवरून हात फिरवत. "बघा, कसं मोकळं झालं."

"सोड्याची हवा सोड्यानं आनली आन् सोड्यानं नेली," त्यांची बायको अनसाबाई म्हणे. "तुमची हाय तितंच हाय."

आप्पांचं स्वतःच्या पोटाविषयीचं निदान वेगळं होतं. आधी त्यांनी युरियाला दोष दिला. मग दुधाला, मग गावच्या पाण्याला. शेवटी त्यांचा संशय शंभूवर स्थिरावला. शंभू त्यांचा चुलत पुतण्या. पिकअपमधून कांदा बाजाराला नेणारा, आणि रस्ताभर काचा खाली करून ओव्या गाणारा. भेटला की तो वाकून पाया पडे आणि म्हणे, "आप्पा, तुमच्यानंतर कोन बघनार ह्ये सगळं?"

"तुमच्यानंतर म्हनतोय," आप्पा घरी येऊन म्हणत. "त्यानंच कायतरी घातलंय माझ्या पोटात."

"शंभूनं काय घालायची गरज हाय?" अनसाबाई म्हणे. "तुमी जागा ठेवली तर घालंल."

जत्रेआधीच्या तालमीत जे व्हायचं ते झालं. आप्पांनी डोळे मिटले, कानावर हात ठेवला, हाक घातली. ती वर चढली, डळमळली आणि तिच्या जागी एक दणदणीत ढेकर बाहेर पडला. ढोलवाल्याला वाटलं, हीच खूण. त्यानं ढोल बडवला. पोरं नाचायलाही लागली. शंभू हसला नाही. त्यानं आप्पांना पाणी आणून दिलं, आणि तेच आप्पांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी अनसाबाई त्यांना एसटीनं शिरूरला घेऊन गेली. डॉक्टरांनी पोट दाबलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं, की आजार काही नाही.

आप्पा दुखावले. "एवढं शिरूरपतूर आलो, आन् कायच न्हाई?"

डॉक्टर म्हणाले, सावकाश चावून खा. जेवताना बोलू नका, बोलताना हवा गिळली जाते. सोडा बंद. एकदम पोटभर खायच्या ऐवजी थोडं थोडं. रात्रीचं दूध सोडून बघा. जेवलं की आडवं पडू नका, चाला.

"आन् इंजेक्शन?"

"नाही."

"मग सलाईन तरी?"

तेही नाही म्हटल्यावर आप्पांनी डॉक्टरच्या शिक्षणाविषयी परतीच्या एसटीत बरंच काही सांगितलं. अनसाबाई खिडकीबाहेर बघत होती. मग ती म्हणाली, "तुमी लोकांच्या गाईला सांगता त्येच सांगितलं की त्यांनी."

"गाय येगळी."

"व्हय. गाय ऐकती."

त्या दिवसापासून अनसाबाईनं नवरा गोठ्यातल्या शिस्तीनं सांभाळायला घेतला. मटकी, हरभरा आदल्या रात्री भिजत पडायचा आणि ते पाणी फेकलं जायचं. आमटीत हिंग, ओवा. दिवस मावळतानाच ताट, तेही आधीच्या निम्मं. आप्पांनी बोलायला तोंड उघडलं की ती म्हणे, "रवंथ करा." आप्पा रागानं चावत, पण चावत.

जेवल्यावर दोघं कालव्याच्या चारीच्या कडेनं चालत निघत. आप्पा पुढे, ती मागे. मोटारसायकलवरची पोरं विचारत, "आप्पा, कुठं निगाला?"

"मोटार चालू करायला."

विहिरीवरची मोटार उलट्या दिशेला होती, आणि पोरांनाही ते ठाऊक होतं.

पोट हळूहळू उतरलं. एका संध्याकाळी, चारीच्या वळणावर, आप्पा थांबले. कुणी नाही असं बघून त्यांनी हाक घातली. ती उसावरून सरळ गेली, कुठेही न अडखळता, आणि पलीकडच्या बाभळीवर बसलेले बगळे उठले. हाक संपली तरी आप्पांकडे थोडा श्वास शिल्लक होता.  पदर सारखा करून अनसाबाई पुन्हा चालायला लागली. त्या एका संध्याकाळी आप्पा खरोखर मोठे माणूस वाटले असते, पण बघायला बगळेच होते.

जत्रेच्या दिवशी गजीआधी मानाचं ताट असतं. वस्तीवरच्या प्रत्येक घरातून पुरणपोळी, कटाची आमटी आणि भजी वाढलेलं ताट हाकेवाल्यापुढे येतं. त्यानं प्रत्येक ताटातला घास मोडायचा; ताट तसंच परत गेलं तर त्या घराचा अपमान. घास किती मोठा, हे मात्र कुणी ठरवलेलं नाही.

"नखाएवढा तुकडा मोडायचा, कपाळाला लावायचा, तोंडात टाकायचा आन् ताट पुढं सारायचं," अनसाबाईनं घरून निघताना बजावलं होतं. आप्पांनी मान डोलावली होती.

पहिल्या ताटाला त्यांनी तसंच केलं. दुसऱ्यालाही. राहू गावाहून आलेले पाहुणे समोर मांडी घालून बसले होते. तेवढ्यात शंभूची बायको धनश्री ताट घेऊन आली. पोळ्यांवर तूप ओघळत होतं. मागे शंभू हात जोडून उभा.

आप्पांनी नखाएवढा तुकडा मोडला.

"ऱ्हाऊ द्या आप्पा," शंभू अतिशय मायेनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "या वयात न्हाई झेपत. पोटाला तरास नको. ऱ्हायलेलं मी संपवतो."

पाहुण्यांनी आप्पांकडे बघितलं.

"कुनाला झेपत न्हाई?" आप्पांनी ताट पुढ्यात ओढलं. "तुझ्या बापाला इचार, मी किती पोळ्या खायाचो!"

मग ते खात गेले. हे ताट, पुढचं ताट, त्याच्या पुढचं. रवंथ संपला, तोंड सुटलं. बापजाद्यांच्या जेवणाच्या कथा आणि पुरण एकाच वाटेनं, उलटसुलट, ये-जा करू लागलं. बायकांच्या घोळक्यातून अनसाबाई दोनदा खाकरली. आप्पांनी तिकडे पाठ फिरवली. धनश्रीनं थंड सोड्याची बाटली फोडून हातात दिली, तीही त्यांनी मान म्हणून घेतली. शंभू मात्र सकाळपासून कपभर चहावर होता, आणि हे धनश्रीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

ढोल लागला. आप्पा हाताचा टेका घेऊन उठले, रिंगणात गेले, कानावर हात ठेवला. हाक निघाली, बरगड्यांपर्यंत आली आणि थांबली. ती नेमकी थांबली तिथून शंभूनं उचलली, इतकी अलगद, की राहूच्या पाहुण्यांना ती पद्धतच वाटली. भंडारा उधळला गेला. रिंगण फिरायला लागलं. आप्पा मधोमध रुमाल धरून थोडा वेळ उभे राहिले आणि मग बाहेर येऊन पाहुण्यांत बसले.

"मुद्दाम सोडली," ते म्हणाले. "नव्या पोरांना वाव द्याया पायजे."

"मोठं मन लागतं, आप्पा," एक पाहुणा म्हणाला. "मग आता मानाचं ताटबी शंभूलाच?"

आप्पा ताडकन सरळ झाले. "तसं कसं? हाक दिली त्याला. ताटाचा काय संबंध?"

गजी आटोपून शंभू घामानं निथळत आला, तेव्हा त्याच्या कानावर हे आलंच होतं. त्यानं वाकून पाय धरले. "ताट तुमचंच, आप्पा. दरसाली. मी सोता वाढीन."

आप्पांनी प्रसन्न चेहऱ्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मागे अनसाबाई त्यांच्या पुढ्यातली रिकामी ताटं एकात एक घालत होती.