डोक्यावरून गेलेली रेघ

इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्यावर अजूनही रोजच्या रोज रागावणारा माणूस उभ्या नंदुरबार जिल्ह्यात एकच आहे आणि ते माझे मामेसासरे आहेत. राग शेतसाऱ्याचा नाही की तुरुंगवासाचा नाही. विमानांचा आहे. मूळचे कोरीटचे, घरची शेती भावांकडे सोपवून मामा खापरच्या शाळेत भूगोल शिकवायला गेले आणि तिथेच राहिले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी शाळेच्या अडगळीत त्यांना एक जुना इंग्रजी नकाशासंग्रह सापडला. त्यात लंडनहून निघालेली एक लाल रेघ कराचीला टेकून, हिंदुस्थान ओलांडून, रंगूनवरून थेट ऑस्ट्रेलियाला गेली होती. विमानी टपालाचा मार्ग. त्या रेघेने मामांची झोप उडवली. देश आपला, आभाळ आपलं, आणि त्यातून कुणी कुठे उडायचं हे ठरवणार लंडनचा साहेब. शेजारून डचांची रेघ जाव्याला, फ्रेंचांची सायगावला. त्यांनी आपापसात परवाने वाटून घेतलेले. "आभाय आपलं, परवाना साहेबना," असं ते म्हणत, आणि म्हणताना समोरच्याकडे असं बघत की तो परवाना आपणच सही करून दिला की काय, असं वाटावं.

इराणवर मात्र त्यांचा फार जीव. त्या काळी इराणने आपल्या किनाऱ्यावरून इंग्रजांची विमानं जाऊ देणं बंद केलं आणि साहेबाला अख्खा रस्ता उचलून समोरच्या अरबी किनाऱ्यावर न्यावा लागला, ही गोष्ट मी मामांच्या तोंडून निदान पन्नास वेळा ऐकली असेल. माझ्या स्वतःच्या लग्नात ऐकली. पंगतीत वरण-बट्टी वाढली होती. मामांनी ताटात वरची बट्टी इराण केली, खालची अरबस्तान, मधल्या वरणाचं आखात झालं आणि मिरचीचं विमान वरच्या काठावरून निघालं. तेवढ्यात तूप वाढणाऱ्याने दोन्ही देशांवर सढळ हाताने धार धरली. मामा न थांबता म्हणाले, "पाहा जवाईबापू, इराननी नही सांगं. आपले तर कोनी इचारंच नही." माझ्या ताटातली बट्टी गार झाली होती. पलीकडच्या पंगतीतून मामी बायकांना सांगत होत्या, "यास्नं इमान उतरस, तवपावत चहाबी थंडा व्हई जास."

शाळेतही तेच. तापी नदी शिकवायला घेतली की दहाव्या मिनिटाला मामा कराचीला पोचलेले असत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी एका मुलीला विचारलं की तापी समुद्राला कुठे मिळते. मुलगी क्षणभर थांबून म्हणाली, "परवानगी भेटली तर सुरतजवळ." अधिकाऱ्याने मामांकडे पाहिलं. मामांच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. एकदा धडगावच्या जीपमध्ये आम्ही चौदा जण दाटीवाटीने बसलो होतो. घाटाच्या वळणावर गाडी तापून बंद पडली, तर मामांनी दोन तास सगळ्या जीपला आखातातलं राजकारण समजावून सांगितलं. शेवटी मांडीवर कोंबडी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "गुरुजी, तो साहेब आपल्या घाटात का नाय आला?" मामा म्हणाले, "त्याले आठे उतरनंच नव्हतं, बाबा." हे सांगताना त्यांचा आवाज पडला होता. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं.

मामांचा एकुलता एक मुलगा आखातात गेला, तो नेमका त्या अरबी किनाऱ्यावर. विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम. मामांनी खूश व्हावं की रागवावं हे त्यांनाच कळेना. दर शुक्रवारी मुलाचा फोन येई, तेव्हा मामा त्याला कुठली विमानं उतरली ते विचारत आणि मामी हातातून फोन ओढून घेऊन, जेवायला काय होतं ते विचारत.

गेल्या वर्षी मामींच्या छातीत सकाळी कळ आली. नंदुरबारच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी तिथेच होतो. मुलाला फोन लावला. मामांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "इमान कितला तासनं शे?"

"तीन तास, आबा."

"मंग कव्हय येशी?"

तो म्हणाला, "पासपोर्ट मालककडे शे. मालक गावले गयेल शे. त्यानी सही भेटनी का मंग."

मामींना बर्फाच्या पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सही झाली नव्हती. कोरीटहून आलेले भाऊ, पुतणे अंगणात खाली माना घालून बसले होते, विचारायला कुणी धजत नव्हतं. मामा उठले, पेटीच्या काचेवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "उचला." मडकं त्यांनी स्वतःच धरलं.

मुलगा पाचव्या दिवशी आला. मी मामांना गाडीत घालून सुरतेला गेलो. ज्या माणसाने आयुष्यभर विमानांवर व्याख्यानं दिली, तो पहिल्यांदाच विमानतळावर उभा होता. वाटेत मला धास्ती होती की तिथे गेल्यावर ते सुरू होतील. पण मामा कठड्याला धरून फक्त दाराकडे बघत राहिले. पहाऱ्यावरच्या शिपायाने सहज विचारलं, "काका, पहली बार आए?" मामा म्हणाले, "आया तो बहुत बार, कागज पे." शिपाई हसला. मामा हसले नाहीत. मुलगा बाहेर आला, पायाला हात लावला आणि तसाच बसून राहिला. "आबा, त्यास्नी सोडं नही," एवढंच म्हणाला. आता इराण, आता साहेब, असं माझ्या मनात आलं. मामांनी त्याला उठवलं, त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि विचारलं, "जेवना का?"

दहाव्याला प्रकाशाला नदीवर गेलो. सुटी आठ दिवसांची होती. निघायच्या दिवशी मुलगा बॅग भरत होता आणि मामा खाटेवर बसून बघत होते. "जाय," ते म्हणाले, "पन पासपोर्ट त्याले दिऊ नको."

"दिना नही तर कामवर ठेवत नही, आबा."

इतकी वर्षं ज्या प्रश्नावर ते बोलत आले होते, तो घरात येऊन समोर बसला होता. मुलाच्या बॅगेची चेन अडत होती. ती त्यांनी खाली वाकून लावून दिली.

परवा खापरला गेलो होतो. मामा एकटेच असतात. भाकरी थापायला शिकले आहेत, एका बाजूने जळते. चहात साखर दुप्पट घालतात, कारण मामी घालायच्या. शेजारच्या घरी काय शिजलं, बाजारात गवार कशी होती, असं काहीबाही बोलत बसले. मी दोनदा मुद्दाम कराचीचा विषय काढला. "हा," म्हणाले आणि कप विसळायला उठले. पूर्वी त्यांच्या तावडीतून सुटायला मी नाना सबबी सांगायचो. एस.टी. चुकेल, साहेब रागावेल. त्या दिवशी मी चप्पल घालायला लागलो, तेव्हा ते दाराशी आले, चौकटीला धरून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज ऱ्हाई जा, जवाईबापू. काही सांगाव नही मी."

मी चप्पल काढली.