काळ्या फितींची बातमी मालकाला कुणी दिली?

मंडळी, आपल्या फुटबॉल क्लबचे नवे मालक मैदानावर मंगल कार्यालय बांधणार, अशी कुजबुज आहे. म्हणून आज दुपारी आम्ही काही चाहते टपरीवर जमलो. रविवारच्या मॅचला काळ्या फिती लावायच्या का, यावर वाद पेटला.

"मालक चिडून क्लबच बंद करतील की," सलीमभाई म्हणाले.

"मग गप बसायचं व्हय?" मी भडकलो.

तेवढ्यात मला मालकांच्या मॅनेजरचा फोन आला. "काळ्या फिती कशाला? बोलायला या की."

आमचं अजून ठरलंही नव्हतं! मी हे सांगितल्यावर सगळे एकमेकांकडे संशयानं बघायला लागले आणि एकेक करून निघून गेले.

रविवारी मी फीत लावणारच. पण माझ्या शेजारी जो येऊन उभा राहील, त्याच्यावर विश्वास ठेवू का?