विचारलं, की शेवटही सांगायचा

लॉकडाऊनच्या पहिल्या उन्हाळ्यात मी आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावी आमच्या घरामागे मधमाश्यांची एक पेटी ठेवली आणि मधमाश्या पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरले. हिवाळ्याआधी माश्यांना साखरेचा पाक किती द्यायचा, एवढंच विचारलं, तर दहा जणांचे दहा सल्ले आले. कुणाच्या पेटीचं पुढे काय झालं, ते मात्र कधीच कळायचं नाही. माझं डोकं फिरायचं.

शेजारच्या आजोबांनी जन्मभर मधमाश्या पाळल्या. त्यांच्या पणजोबांची एकोणिसाव्या शतकातली मधमाश्यांची मासिकं त्यांच्याकडे होती. कुंपणापलीकडे खुर्ची टाकून ते मला त्यातला पत्रव्यवहार वाचून दाखवायचे. कुठल्याशा खेड्यातून कुणी प्रश्न पाठवायचा, पुढच्या अंकात उत्तरं यायची, आणि मग तोच माणूस आठवणीने कळवायचा, राणी माशी जगली किंवा सगळ्या मेल्या.

"विचारलं, की शेवटही सांगायचा," आजोबा म्हणाले. "नाहीतर बाकीच्यांनी शिकायचं कशातून?"

मी तेव्हाच ठरवलं.

फेब्रुवारीत पेटीचं झाकण उचललं, तर आत सगळं निपचित. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, जगाला कशाला सांगतेस?" मी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "पाकाचं विचारलं होतं ना, त्याचा शेवट हा. माझ्या माश्या मेल्या."

पहिलं उत्तर आलं, तेही अगदी कालपर्यंत सगळ्यांना लांबलचक सल्ले देणाऱ्याचं.

"माझ्याही. नोव्हेंबरातच."