थेंबभर पेट्रोल न जाळता

माझ्या नातीच्या विवाहाचा मुहूर्त मी स्वतः काढला होता. दोघांच्या कुंडल्या समोर ठेवून वैशाखातील सकाळची एक शुभ वेळ निश्चित केली आणि चिचगडला दिलेल्या माझ्या लेकीला कळवली. आमच्या गोंदिया जिल्ह्यात मुहूर्त आता निमंत्रणपत्रिकेवर छापण्यापुरता उरला आहे. वरात मारुतीच्या देवळापाशी डीजेपुढे नाचत राहते आणि सकाळचे लग्न दुपार कलल्यावर लागते. शाळेत संस्कृत शिकवता शिकवता मी कितीतरी मंडपांत मंगलाष्टके म्हटली. परंतु सांगितलेल्या घटकेला अंतरपाट दूर झालेला फार क्वचित पाहिला. ही माझी व्यथा नातीला ठाऊक होती. ती मला म्हणाली होती, "आबाजी, माझं लगन तुमच्याच टायमावर लागन. वरात नाचत राहिली तं नाचू द्या, मी बोहल्यावर जाऊन बसन."

तिच्या शब्दाला एकच अट होती. आमच्याकडे वधूला बोहल्यावर मामा आणतो, आणि मामाने स्वतःच्या हाताने दिलेली पिवळी साडी नेसूनच ती उभी राहते. तिचा मामा म्हणजे माझा मुलगा. त्याची गोंदियात राईस मिल आहे. सुनेच्या माहेरीही त्याच दिवशी कार्य होते, म्हणून आम्ही दोघेच निघणार होतो. पिवळी साडी त्याच्याजवळ होती. नातीसाठी मी नवी मंगलाष्टके रचली होती; ती मला मुखोद्गत होती.

मुलाने अलीकडेच एक आलिशान गाडी घेतली आहे. ती घरच्या प्लगवर चार्ज होते आणि तिच्यात पेट्रोलचे इंजिनही आहे. बॅटरी उतरली किंवा पाय जोरात पडला की इंजिन आपोआप जागे होते. अशा गाड्यांच्या मालकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. तेथे ही सधन मंडळी गाडीतल्या पडद्यावरील ॲव्हरेजचे फोटो टाकून एकमेकांना हिणवतात. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलाने त्या ग्रुपवर जाहीर केले की तो गोंदियाहून चिचगडपर्यंत थेंबभर पेट्रोल न जाळता जाणार आहे. मला त्याने हे कौतुकाने वाचून दाखवले. मी म्हटले, "वेळेवर पोहोचू एवढे पाहा." तो हसला. "बाबा, इकडचं कोणतं लगन टायमावर लागलं आजपर्यंत?"

आम्ही सकाळी लवकर निघालो. गोरेगाव मागे पडेपर्यंत ऊन चढले, तरी त्याने एसी लावला नाही. एसीने बॅटरी जाते. काचाही उघडू दिल्या नाहीत. आत आलेला वारा म्हणे गाडीला मागे ओढतो. माझे धोतर भिजले. रस्ता मोकळा होता, आणि गाडी सायकलीच्या मागे मागे चालावी तशी चालली होती. दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नाचे वऱ्हाड घेऊन जाणारा ट्रॅक्टर आमच्या पुढे गेला. ट्रॉलीत उभ्या असलेल्या एकाने हाताने गाडी ढकलल्याचा अभिनय केला आणि सगळी ट्रॉली हसली.

मला वेगाचा मोह कधी नव्हता. धीर धरावा, हे मी जन्मभर मुलांना शिकवले. म्हणूनच ॲक्सिलरेटरवरच्या त्याच्या पावलाची हळुवारता मला अधिक लागली. पडद्यावरचा आकडा दुखावू नये म्हणून जो पाय फुलावर ठेवावा तसा टेकतो, त्या पायाचा धनी चार वाक्ये बोलायला वर्षातून एकदा बहिणीकडे जात नाही. ही नाजूक वृत्ती त्याच्या ठायी होती तर. ती कुठे खर्च व्हायची हे मात्र त्याचे त्याने ठरवले होते.

कोहमाऱ्याला पोहोचेतो बॅटरी तळाला गेली. पुढे देवरी आणि मग जंगलातून चिचगडचा रस्ता. आता इंजिन सुरू होईल आणि आपण सुटू, असे मला वाटले. त्याने गाडी एका धाब्यावर वळवली आणि प्लग मागितला. धाब्यावाल्याने फ्रीजचा प्लग काढून दिला, मग गाडीभोवती एक फेरी मारली.

"पेट्रोल खतम झालं का साहेब?"

"नाही, टाकी भरून आहे."

"मंग थांबले काऊन?"

मुलाने त्याला सविस्तर समजावले. धाब्यावाला शांतपणे ऐकून घेत म्हणाला, "मंग पेट्रोल कायले भरलं? पूजेले?"

मुलगाही हसला. मी हसू शकलो नाही. मी त्याला बाजूला घेऊन म्हटले, "इंजिनवर चल. अजून वेळ हातात आहे."

"आता इंजिन लावलं तर सगळं ॲव्हरेज बिघडेल, बाबा. अर्धा प्रवास झाला आहे. थोडं चार्ज होऊ द्या. वरात अजून नाचूनच राहिली असेल."

त्या साध्या प्लगवर बॅटरी मुंगीच्या पावलाने भरत होती. लेकीचा फोन आला. तिच्या आवाजामागे सनई होती.

"बाबा, कुटं आहात? पोरगी तयार होऊन बसली आहे. साडी तुमच्याजवळ हाय."

मी फोन मुलाकडे दिला. "येऊनच राहिलो ताई," तो म्हणाला, "अर्ध्या तासात." कोहमाऱ्याहून अर्ध्या तासात चिचगड गाठता येत नाही, हे तिलाही माहीत होते. तिने फोन ठेवला.

बऱ्याच वेळाने आम्ही तेथून हललो. देवरीच्या अलीकडे मी घड्याळ पाहिले. मीच काढलेली घटका भरत होती. मी डोळे मिटून, नातीचे रूप समोर आणून, रचलेली अष्टके ओठांतल्या ओठांत म्हटली. वर्षानुवर्षे खुल्या गळ्याने म्हणत आलो, तीच वाणी त्या बंद काचांच्या आत कोंडली गेली.

"काही म्हणालात का बाबा?" मुलाने विचारले.

"नाही," मी म्हटले.

चिचगडला पोहोचलो तेव्हा मंडपात पंगत बसत होती. वरात रस्त्यात नाचली नव्हती. वेळेवर येण्याचा नातीचा निरोप वरपक्षाने मानला होता आणि तिने आपला शब्द पाळला होता. लग्न मी सांगितलेल्या घटकेला लागले होते. अंगावर तिच्या आईची जुनी साडी होती. तिला बोहल्यावर आणले होते शेजारच्या शेतकऱ्याने. तो माझ्या लेकीला ताई म्हणतो, तिच्या घरचे धान आपल्या धानाबरोबर कापून देतो. नात माझ्या पाया पडली. "आबाजी, टायमावर लागलं ना?" तिने एवढेच विचारले. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. असती तर मला सोपे गेले असते. मी तिच्या मस्तकावर हात ठेवला. मुहूर्त काढणाऱ्याने दुसरे काय करावे?

बाहेर गाडीभोवती वऱ्हाडातले पुरुष जमले होते. "किती देते?" हा प्रश्न फिरत होता आणि मुलगा प्रसन्न मुद्रेने पडदा दाखवत होता. मग त्याने माझ्या जावयाकडे, नवरीच्या वडिलांकडे, प्लग मागितला. पाहुण्यांसमोर नाही कसे म्हणायचे म्हणून जावयाने वरपक्षाच्या बायकांसाठी लावलेला कूलर बंद केला आणि ती तार गाडीला दिली. आतून एक म्हातारी म्हणाली, "गाडीले गरम होते का गा?"

पाठवणीच्या वेळी वरपित्याने शेला आणि नारळ हाती घेऊन विचारले, "पोरीचे मामा कोणते?" मुलगा सदरा नीट करत पुढे झाला. नात घुंगटाखालून हळू आवाजात म्हणाली, "मामा तिकडं उभे आहेत," आणि तिने शेजाऱ्याकडे पाहिले. तो संकोचाने मागे सरला. लोकांनी त्याला पुढे केले. वरपित्याने शेला त्याच्या खांद्यावर घातला. सासरच्या घरी तिच्या सुखदुःखाला आता मामा म्हणून बोलावणे जाईल ते त्याला जाईल; आमच्याकडे हा मान एकदा दिला की परत घेत नाहीत.

माझा मुलगा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाबा, यात माझं काय चुकलं? लगन एवढं वेळेवर लागेल असं वाटलं तरी होतं कोणाला?"

"मला," मी म्हटले, आणि लेकीला शोधायला आत गेलो.